आपल्या पोरांचं शिफारसपत्र कोण लिहिणार?

परदेशातल्या विद्यापीठात सर्जनशील लेखनाच्या एम.ए. किंवा एम.एफ.ए.ला अर्ज करायचा तर साधारणपणे तीन गोष्टी द्याव्या लागतात. आपल्या लेखनाचे वीस-तीस पानांचे नमुने, आपण कोण आणि का शिकायचं आहे याचं निवेदन, आणि दोन किंवा तीन जणांची शिफारसपत्रं. पहिल्या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या हातात आहेत. रात्री जागून लिहिता येतं, दहादा फाडून पुन्हा लिहिता येतं. तिसरी गोष्ट मात्र दुसऱ्याच्या हातात असते, आणि तो दुसरा कोण, हे आपल्या देशात बऱ्याचदा जन्मानेच ठरलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत मोहाडी-तुमसर पट्ट्यातली आपली चार-पाच मुलं-मुली मला या कामासाठी भेटली. एकजण कविता लिहितो, एक मुलगी रोवणीच्या बायकांवर झाडीबोलीत कथा लिहिते आणि स्वतःच इंग्रजीत आणते. लेखनात दम आहे. पण शिफारसपत्राचं नाव काढलं की सगळ्यांचा चेहरा सारखाच पडतो. यातल्या एकाने तर सरळ आमदाराच्या लेटरहेडवर पत्र आणलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे 'शिफारस' या शब्दाचा अर्थच तो आहे. घरकुलासाठी शिफारस, बदलीसाठी शिफारस, वसतिगृहात नंबर लागावा म्हणून शिफारस. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी टाकलेला शब्द. तिकडच्या विद्यापीठाला हा शब्द नको असतो. आमदार किती मोठा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना असा माणूस हवा असतो, ज्याने या मुलीची कथा वाचली आहे, तिचा पहिला खर्डा आणि चौथा खर्डा दोन्ही पाहिले आहेत आणि मधल्या काळात ती काय शिकली हे सांगू शकतो. म्हणजे त्यांना साक्षीदार हवा आहे.

आणि इथेच खरी अडचण आहे. आपल्या पोरांच्या लेखनाला साक्षीदारच नाही.

तालुक्याच्या कॉलेजात काय चित्र आहे ते पाहा. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. शिकवतात ते सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. मुलांशी बोलतो तो हाच शिक्षक, वहीच्या मागच्या पानावरची कविता वाचतो तोही हाच, कारण तो स्वतः त्याच वस्तीतून आलेला असतो. पण त्याच्याकडे कॉलेजचं लेटरहेड नाही, कॉलेजच्या नावाचा ईमेल नाही, पुढच्या जूनमध्ये तो तिथे असेल की नाही याचीही खात्री नाही. परदेशी विद्यापीठाची पद्धत अशी की, अर्जात तुम्ही शिफारस देणाऱ्याचा ईमेल भरायचा, त्याला थेट लिंक जाते आणि तो तिथेच पत्र चढवतो. विद्यार्थ्याच्या हातात कागद येतच नाही. ईमेल संस्थेचा असावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते. ज्याच्याकडे संस्थेचा ईमेल आहे ते प्राचार्य किंवा विभागप्रमुख या मुलीला हजेरीपटावरच्या नंबरापलीकडे ओळखत नाहीत. जो वाचतो त्याच्याकडे शिक्का नाही आणि ज्याच्याकडे शिक्का आहे तो वाचत नाही.

मग पुढचं वाक्य ठरलेलं: "तूच टाईप करून आण, मी सही करतो." कथा लिहिणाऱ्या त्या मुलीलाही हेच ऐकावं लागलं. आपल्याकडे हे इतकं रुळलं आहे की मुलांना त्यात वावगं वाटत नाही, उलट साहेब उदार वाटतात. मला हा प्रकार चोरीसारखा वाटतो. प्राध्यापकाने आपलं काम विद्यार्थ्यावर टाकलं, आणि वर विद्यार्थ्याकडून खोटेपणाही करून घेतला. शिवाय स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं पत्र कसं होतं? 'हुशार, मेहनती, शिस्तप्रिय, मनमिळाऊ.' चारित्र्याच्या दाखल्याची भाषा. निवड समितीत बसलेला लेखक रोज डझनांनी पत्रं वाचतो, त्याला दुसऱ्या ओळीत कळतं की या माणसाने या मुलीचं काहीच वाचलेलं नाही. त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर दिल्ली-मुंबईच्या एखाद्या नामांकित कॉलेजातल्या मुलाचं पत्र पडलेलं असतं. लिहिणारा कादंबरीकार, घरी जाणं-येणं, मुलाची पहिली कथा त्याने दिवाणखान्यात बसून ऐकलेली. ते पत्र खोटं नसतं. आपल्या मुलीपेक्षा तो मुलगा कमी लिहितो असंही मी म्हणत नाही. पण त्याला साक्षीदार घरबसल्या मिळाला.

समाजशास्त्र शिकताना बोर्द्यूचं 'सांस्कृतिक भांडवल' आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. शिफारसपत्र हे त्या भांडवलाचं सर्वात उघडं रूप आहे, कारण इथे ओळख अक्षरशः कागदावर उतरते आणि तिला गुण मिळतात. अजंथा सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या २०१९ च्या पुस्तकात आयआयटीच्या संदर्भात दाखवलं आहे की जात कशी गुणवत्तेचं नाव घेऊन वावरते. कलेच्या क्षेत्रात तर परीक्षाही नाही. तिथे 'प्रतिभा' हा शब्द आहे, आणि प्रतिभा कुणाला दिसते हे डोळा कुणाचा आहे त्यावर ठरतं.

अमेरिकेचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. बाबासाहेब कोलंबियातून निघाले १९१६ ला. त्यानंतर काही वर्षांतच त्याच कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयात आणि पाठोपाठ हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी कशी करायची याची खटपट सुरू झाली. परीक्षेत ही मुलं मागे पडत नव्हती. म्हणून परीक्षेच्या जोडीला धर्म-कुटुंबाची माहिती, फोटो, मुलाखत, 'चारित्र्य' आणि त्याबद्दल कुणीतरी दिलेली ग्वाही आणली गेली. जेरोम काराबेल यांच्या 'द चोझन' (२००५) मध्ये हा सगळा दस्तऐवज आहे. म्हणजे आज आपण ज्या पत्राच्या मागे धावतो, त्याच्या पूर्वजांमध्ये लोकांना बाहेर ठेवण्याचं हत्यारही आहे.

आपल्यातले जुने सरकारी नोकर हे लगेच ओळखतील. गोपनीय अहवाल! साहेबाने बंद लिफाफ्यात काय लिहिलं हे कळायचं नाही, फक्त पदोन्नती अडायची. शिफारसपत्रही बंद लिफाफाच आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहायचा हक्क आहे, पण अर्जातच विचारतात: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? सोडला नाही तर समितीला पत्र मोकळेपणाने लिहिलेलं वाटत नाही, म्हणून जवळपास सगळे सोडतात. तुम्हीही सोडा. पण मग हक्क कुणाच्या भरवशावर सोडतो आहोत हे नीट पाहून घ्या. 'बरा विद्यार्थी आहे' असं कोमट पत्र शिव्यांपेक्षा जास्त घात करतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजचं प्रकरण गाजलं, ते आठवा. लंडनला नोकरी मिळालेल्या आपल्या एका तरुणाने आरोप केला की जुन्या कॉलेजने पडताळणीला होकार दिला नाही आणि त्यात जात आडवी आली. कॉलेजने भेदभावाचा आरोप फेटाळला, वर्तनाचं कारण दिलं. खरंखोटं काय ते इथे मी ठरवत नाही. पण त्या निमित्ताने सगळ्यांना एक गोष्ट दिसली: डिग्री हातात आल्यावरही संस्थेचा एक होकार कुणाच्या तरी मुठीत राहतो. प्रवेशाला आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, पण या होकाराला कुठलंही कलम नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. तीही आधी प्रवेश मागते, आणि प्रवेश मागतो पत्र. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तर २०२२ पासून भारताची संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरचं संशोधन हे विषयच वगळले गेले. आपल्याच समाजाबद्दल बोलायला पैसे नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण याचं उत्तर मला त्यांच्याच चरित्रात सापडतं. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी. पण त्याच्यासाठी शब्द टाकणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्या शाळेचे नव्हते, ते विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. त्यांनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेलं पाहिलं. चौकशी केली, पुस्तकं दिली, मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत आपलं बुद्धचरित्र हातात ठेवलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा हेच गुरुजी त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ मध्ये त्याच बडोद्याने महिना साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी कोलंबियाला पाठवलं. ज्यांच्या वर्गात तो बसत होता, त्या सगळ्यांना सोडून हे काम बागेतल्या वाचकाने केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोलंबियात प्रा. सेलिग्मन भेटले. त्यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना बाबासाहेबांसाठी लिहिलेलं शिफारसपत्र लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दप्तरात आजही आहे. नोव्हेंबर १९२० मध्ये फॉक्सवेल यांनी स्कूलच्या सचिव मिसेस मेअर यांना या विद्यार्थ्याबद्दल कळवलं, तेही तिथेच आहे. इकडून शाहू महाराजांनी सर आल्फ्रेड पीज यांना ओळखीचं पत्र दिलं. आणि १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. पत्रातून सुरू झालेलं नातं प्रस्तावनेपर्यंत गेलं. सेलिग्मन यांनी उपकार केले असं मी मानत नाही. त्यांनी विद्यार्थ्याचं काम वाचलं होतं आणि वाचलेल्याची साक्ष दिली. शिक्षकाचं हे कामच आहे.

यावर कार्यकर्त्यांकडून एक आक्षेप हमखास येतो. लिहायला डिग्री कशाला? अण्णा भाऊंना शाळा किती मिळाली? नामदेव ढसाळ कुठल्या विद्यापीठात गेले होते? आक्षेप खोटा नाही. पण 'गोलपिठा' १९७२ ला आलं तेव्हा त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, हे आपण विसरतो. मराठीत प्रस्तावना हेच आपलं जुनं शिफारसपत्र. ढसाळांची कविता त्या प्रस्तावनेवर उभी नाही, पण पांढरपेशा वाचकाला दार उघडायला ओळखीचा आवाज लागला, ही वस्तुस्थिती आहे. नंतर दिलीप चित्रे यांनी ती कविता इंग्रजीत नेली. हे चित्रे सत्तरच्या दशकात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात राहून आलेले. म्हणजे कार्यक्रम, शिफारसी, भाषांतरं या साखळीचा फायदा आपल्याही साहित्याला झाला, फक्त कड्या दुसऱ्यांच्या हातात होत्या.

आणि डिग्रीच्या कागदासाठी जायचंच नाही. आयोवाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालते, इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये असा एम.ए. सुरू केला. अमेरिकेतल्या काही चांगल्या एम.एफ.ए. अभ्यासक्रमांत फी माफ होते आणि वर जगण्यापुरते पैसे मिळतात. दोन-तीन वर्षं फक्त लिहायचं! आपल्या घरात कुणाला मिळाली आहेत अशी दोन वर्षं? माझ्या माहितीतली ती कथा लिहिणारी मुलगी सकाळी तेंदूपत्ता, दुपारी अंगणवाडीचं काम आणि रात्री वही असं करते. तिला प्रतिभा कुणी द्यायची गरज नाही. वेळ हवा आहे. मार्गारेट वॉकर ही कृष्णवर्णीय कवयित्री १९४० मध्ये आयोवातून एम.ए. झाली ती कवितांवरच, आणि तोच संग्रह दोन वर्षांनी छापून आला. तिकडे सगळं गोड आहे असंही नाही. कॉर्नेलमधून एम.एफ.ए. केलेल्या जुनो दियाझ यांनी २०१४ मध्ये लिहिलं होतं की हे वर्ग किती गोरे असतात आणि तिथे वंशाबद्दल बोलायला जागाच नसते. जाणाऱ्याने हे माहीत करूनच जावं. पण गेल्याशिवाय पुढचं होत नाही. आज ज्याला पत्र मिळतं तो दहा वर्षांनी पत्र लिहिणारा होतो, निवड समितीत बसतो. आपला माणूस तिथे बसलेला नाही, म्हणून आपली मुलगी तिथे पोचत नाही, आणि ती पोचत नाही म्हणून तिथे आपला माणूस बसत नाही.

पत्रात काय असावं याबद्दल माझं एक ठाम मत आहे, त्यावरून काही मित्रांशी वादही झाला आहे. मोहाडी तालुक्याचं नाव जगाने वाचलं ते २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीमुळे. सुरेखा, प्रियांका, रोशन, सुधीर ही नावं आपण विसरणार नाही. पण म्हणून आमच्या भागातून अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या शिफारसपत्रात पहिला परिच्छेद खैरलांजीवर, दुसरा तिच्या गरिबीवर आणि लेखनाबद्दल शेवटी दीड ओळ, हे मला मान्य नाही. आपलीच माणसं असं लिहितात, चांगल्या हेतूने लिहितात. वाचणाऱ्याला दया येते आणि तो पुढचं पत्र उघडतो. जात लपवायची नाहीच, ती कथेत येणारच आहे. पत्र लिहिणाऱ्याने सांगावं की ही मुलगी संवाद झाडीबोलीत ठेवते आणि निवेदन प्रमाण मराठीत, आणि हे ती का करते. रोवणीच्या कथेत तिने मालकाला एकदाही समोर आणलं नाही, फक्त त्याच्या मोटारसायकलचा आवाज येतो, आणि तेवढ्याने बायका बोलायच्या थांबतात. हे ज्याने वाचलं तोच लिहू शकतो. तिच्या दुःखाबद्दल कुणीही लिहील.

मग लिहिणार कोण? बहुतेक ठिकाणी तिन्ही पत्रं प्राध्यापकांचीच पाहिजेत असा नियम नसतो. लेखन जवळून ओळखणारा संपादक, भाषांतरकार, कार्यशाळा घेणारा लेखक चालतो. ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा त्याच्या पानावर हे लिहिलेलं असतं, नसेल तर ईमेल करून विचारायचं. नातेवाईक आणि पुढारी टाळायचे. आपला सीएचबी शिक्षक लिहिणार असेल तर त्याच्याकडे संस्थेचा ईमेल का नाही हे अर्जदाराने प्रवेश विभागाला आधीच कळवावं. पत्र मराठीत लिहून प्रमाणित भाषांतर जोडलं तर चालेल का, हेही विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि आपली पोरं विचारतच नाहीत, कारण इथल्या ऑफिसांनी त्यांना खिडकीवरून हाकलायची सवय लावली आहे.

शिक्षकाकडे जाताना "सर, पत्र द्या" असं म्हणू नका. कथा हातात द्या आणि विचारा, "सर, हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं आणि सविस्तर लिहिता येईल का?" ते अडखळले तर नमस्कार करून दुसऱ्याकडे जा. होकार दिला तर लेखन, निवेदन, विद्यापीठांची नावं आणि शेवटच्या तारखा एका कागदावर द्या. अमेरिकेतल्या बहुतेक तारखा डिसेंबर-जानेवारीत असतात, म्हणजे हा विषय पावसाळ्यातच काढायला हवा, दिवाळीनंतर नाही.

विदर्भात अशी कामं होत नाहीत असं कुणी म्हणू नये. वर्ध्याला अनूप कुमार यांनी नालंदा अकादमी उभी केली, खेड्यातली मुलं तिथून मोठ्या विद्यापीठांत गेली. राजू केंद्रे यांच्या एकलव्यने यवतमाळातून सुरुवात करून परदेशी अर्जांची वाट पहिल्या पिढीच्या मुलांना दाखवली. नागपूरचे योगेश मैत्रेय यांनी २०१६ मध्ये पँथर्स पॉ हे प्रकाशन काढून आपलं लेखन इंग्रजीत आणलं. पण कायदा, समाजकार्य, धोरण या विषयांकडे आपला जितका ओढा आहे तितका कथा-कवितेकडे नाही. कथा लिहायला परदेशी जातो म्हटलं की आपल्याच विहारात लोक हसतात.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर आपण भाषणं ऐकतो. जयंतीला डीजेवर किती खर्च होतो हे मी इथे लिहीत नाही, भांडण नको. पण प्रत्येक तालुक्यात पाच माणसं अशी का नसावीत, ज्यांनी दोन वर्षं एकेका लिहिणाऱ्या पोराचं सगळं लेखन वाचायचं पत्करलं आहे? निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, दिवाळी अंकांत लिहिणारे आहेत, झाडीबोलीच्या संमेलनांना जाणारे आहेत. वाचायचं, समासात टिपणं करायची, तारीख घालून ठेवायची. पहिला खर्डा जपून ठेवायचा. दोन वर्षांनी पत्र लिहायची वेळ आली की लिहायला काहीतरी असेल.

मोहाडी, तुमसर आणि भंडारा तालुक्यांतल्या ज्यांना महिन्याला दोन कथा किंवा दहा कविता वाचायला वेळ देता येईल, त्यांनी या पावसाळ्यात मला कळवावं. इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही, भाषांतराची सोय बघू. लिहिणाऱ्या पाच जणांची नावं माझ्याकडे आत्ता आहेत, वाचणारे दोनच मिळाले आहेत.

जय भीम.